दोघांत एक जोड

यशवंत कांबळे प्रथम माझ्या दारात आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नावही सांगितले नाही. कुबड्या टेकून ते पायरीखाली उभे राहिले. पडवीत बसलेल्या माझ्याकडे एकदा आणि माझ्या लेंग्याच्या दुमडून टाचलेल्या पायाकडे एकदा त्यांनी पाहिले आणि विचारले, "कुठला गेला? डावा का उजवा?"

मी लेंग्याची घडी सारखी केली. अपघाताला तेव्हा वर्ष होत आले होते. भेटायला येणारे लोक रस्त्याविषयी बोलत, डॉक्टरांविषयी बोलत, नशिबाविषयी बोलत. पायाचे नाव कोणी काढीत नसे.

"डावा," त्यांनीच सांगून टाकले. "म्हंजे उजवा राहिला. माप किती? आठ?"

"आपण कोण?"

"मी कांबळे. एसटीत कंडक्टर होतो. मलकापूरच्या रस्त्याला गाडी मागं घेताना खाली उतरून शिट्टी मारत हुतो, तवा मागनं ट्रक आला. माझा उजवा गेला. कुबड्या तुम्ही घेतल्यासा त्याच दुकानातनं म्या घेतल्या, तितनं पत्ता मिळाला. उरलेल्या चपला टाकल्या न्हाईत न्हवं, पावणं?"

मी टाकल्या नव्हत्या. जिन्याखालच्या फळीवर त्या ओळीने ठेवलेल्या होत्या, सगळ्या डाव्या. घरातली माणसे त्या फळीकडे पाहण्याचे टाळीत. कांबळे विचारल्याशिवाय आत आले, त्यांतली एक निवडून जमिनीवर टाकली, पाय घातला आणि दोन कुबड्यांमध्ये एक झोका घेऊन पुन्हा पडवीत आले.

"बसली," ते म्हणाले. "आता हितनं फुडं तुम्ही आणि मी मिळून एक गिऱ्हाईक."

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. नोकरीची सारी वर्षे शाहूवाडीचे डोंगर आणि पंचगंगेकाठची शेते पायी तुडवण्यात गेली. त्यामुळे पाय जाणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मी घरात बसून राहण्याचे ठरवले होते आणि त्या निर्णयात मला काही चूक दिसत नव्हती. कांबळ्यांना माझा निर्णय ठाऊकच नव्हता. असता, तरी त्यांनी तो मानला नसता.

त्यांच्या डोक्यात एक वस्तू होती. कुबड्यांवर चालणाऱ्या माणसाचे सगळे वजन एका पायावर धपकन पडते. साधी कोल्हापुरी चप्पल त्याला पुरत नाही. ओल्या फरशीवर ती सरकते आणि झोक्यासरशी टाचेतून निसटते. त्यांना हवी होती ती कोल्हापुरीच, परंतु तळाला टायरचा तुकडा लावलेली आणि मागे पट्टा असलेली. आणि हवी होती एकाच पायाची. अशी चप्पल कोणी करीत नव्हते, कारण ती कोणी मागत नव्हते. कोणी मागत नव्हते, कारण ती ज्यांना हवी ती माणसे घराबाहेर पडत नव्हती.

चपलांच्या बाजारपेठेत, चप्पल लाइनीत, महादेव सातपुते यांचे लहानसे दुकान आहे. कांबळे मला प्रथम तेथे घेऊन गेले. सातपुत्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हातातली चामडे कापायची रापी खाली ठेवली.

"काय ओ कंडक्टर, एकली चप्पल? एकली चप्पल ट्रकच्या मागं टांगत्यात, दृष्ट लागू ने म्हणून. माणसाच्या पायात घालायला मी न्हाय करून देणार. आमच्यात जोड कापत्यात. एका कातड्यातनं, शेजारी शेजारी."

"जोडच मागतोय की," कांबळे म्हणाले. "पाय दोनच हाईत. फकस्त माणसं दोन. हे बघा, हे एक आणि मी एक."

सातपुत्यांनी आमचे दोन पाय नीट न्याहाळले. मग त्यांनी कागद पसरला आणि माझा उजवा व कांबळ्यांचा डावा शेजारी शेजारी ठेवायला लावून पेन्सिल फिरवली. आम्ही दोघे वयस्क पुरुष एकमेकांच्या खांद्याला धरून भर बाजारात उभे होतो. लोक पाहत होते. "बघू द्या," कांबळे म्हणाले. "फुकटची जाहिरात."

जोड तयार झाली तेव्हा सातपुत्यांनी हाताच्या सवयीने दोन्ही चपला अंगठ्यापाशी दोऱ्याने एकत्र बांधून ठेवल्या होत्या. विकायची जोड अशीच बांधतात. दोघांना वाटून द्यायची आहे हे लक्षात येताच ते ओशाळले आणि दोरा कापू लागले. कांबळ्यांनी त्यांचा हात धरला. "असूं दे. ह्यो दोरा दोघांच्या समोरच कापायचा. दोघंबी हजर पायजेत. एकट्याला चप्पल न्हाय." त्या दिवसापासून तो नियम झाला. पुढे दुसरा एक नियम त्याला जोडला गेला: दोघांपैकी कोणा एकाची झिजली, की जोडच नवी घ्यायची.

मला हे नियम अव्यवहारी वाटले. मी तसे स्पष्ट सांगितले. ज्याला जोडीदार मिळत नाही त्याने थांबायचे का? एकेक विका, निम्म्या किमतीला विका, माणसे धावत येतील.

"धावत?" कांबळे म्हणाले. मी हसलो नाही. मग तेही हसायचे थांबले. "साहेब, चप्पल काय कुठंबी हुईल. आज सातपुते करतोय, उद्या कारखान्यात करतील. पर एकदा चप्पल घरात गेली की माणूसबी घरातच. जोडीदार असला की चौकशी होती. त्याची झिजली, माझी का न्हाय झिजली, असं मनात येतं. मला चप्पल इकायची न्हाय. म्हंजे इकायची हाय, पर नंतर."

चप्पल लाइनीच्या तोंडाशी, चहाच्या गाड्याशेजारी एक बाक आहे. दर रविवारी सकाळी कांबळे तेथे बसू लागले. सोबत मी. मी का जात असे, ते सांगणे अवघड आहे; रविवारी सकाळी त्यांची रिक्षा दारात येऊन उभी राही आणि ते रिक्षातूनच ओरडत, "चला, गाडी सुटली." पहिले कित्येक रविवार कोणीही आले नाही. आम्ही चहा पीत असू. दुपार झाली की उठत असू. मी एकदा म्हणालो, हे पुरे झाले.

"तुम्ही कदी नवा मार्ग सुरू झाल्याला बघितलाय?" त्यांनी विचारले. "आमचं डेपो मॅनेजर नवी गाडी टाकायचं. पयल्या म्हयन्यात ड्रायव्हर आणि मी, दोघंच. गावातली माणसं पारावर बसून बघायची, आली बघ रिकामी. पर ती रोज त्याच टायमाला यायची. मग एक म्हातारी चढायची. मग तिची सून. रिकामी गाडी येळंवर सोडायची, साहेब. भरल्याली गाडी काय, कोणबी सोडंल."

त्यांनी मोबाईलवर एक गट काढला. नाव ठेवले 'रविवारचा बाक'. त्यात सभासद दोन, ते आणि मी. रोज सकाळी ते त्यावर बोलून संदेश पाठवीत. "प्रवासी मंडळींनो, नमस्कार. बिंदू चौकाकडं जाताना उजव्या हाताला रस्ता उकरलाय, कुबडीवाल्यांनी डाव्या अंगानं जावं. महाद्वार रोडला काल पाणी सांडल्यालं, फरशी गुळगुळीत हाय. सरकारी दवाखान्याच्या उताराला कठडा बसवलाय, धरून उतरा. चला, फुडं सरका." ही प्रवासी मंडळी म्हणजे मी एकटा, पडवीत बसलेला. मला बिंदू चौकाकडे जायचे नव्हते. तरीही मी ते संदेश ऐकत असे. काही आठवड्यांनी रस्ता खरोखर उकरला आहे का, हे पाहायला मी एकदा गेलो. उकरला होता.

मग माणसे आली. कुबड्यांच्या दुकानातून पत्ते मिळत. शिवाय जुन्या मार्गांवरचे चालक, थांब्यावरचे पानवाले यांना कांबळे विचारीत: तुमच्या गावात कोण हाय एका पायाचं? मग आम्ही एसटीने त्या गावी जात असू. कांबळे कोणाला 'चप्पल घ्या' म्हणत नसत. माप विचारीत आणि रविवारी बाकावर बोलावीत. पेठ वडगावहून भाजी विकणाऱ्या आक्का आल्या. त्यांचा डावा पाय शाबूत होता. हुपरीहून शालनताई आल्या; त्यांचा उजवा. शालनताई घरच्या कारखान्यात चांदीच्या पैंजणांना कड्या जोडण्याचे काम करीत. दिवसभर दोन पायांचे दागिने त्यांच्या हाताखालून जात. त्या घराबाहेर पडत नसत. बाकावर आल्या त्याही दिराच्या गाडीवरून, पदर तोंडावर ओढून. आक्का आणि त्या यांचे माप जुळले. दोरा कापला तेव्हा आक्का म्हणाल्या, "आता आपुन सवती न्हाय, बहिणी." शालनताई पदराआड हसल्याचे मी पाहिले.

कांबळ्यांना एक सवय होती. बाकावर कोणी आले, की ते पंजा पुढे करीत आणि म्हणत, "तिकीट दाखवा." त्याने पाय उचलून चप्पल द्यायची. कांबळे ती उलटी करून तळाची झीज पाहत. जुन्या माणसाला समजत असे. नव्याला सांगावे लागे. तळ कोरा असेल, तर ते काहीच बोलत नसत. चप्पल परत देत. ते न बोलणे माणसाला फार लागे. मला लागले होते.

एका रविवारी आक्का आपली फाटलेली चप्पल घेऊन आल्या आणि नियमाप्रमाणे नवी जोड मागितली. "माझी बघा, चार गावच्या बाजारात झिजली. शालन, तुझी दाखव गं. का बसूनच हायस अजून?" शालनताईंनी चप्पल पुढे केली. तळ चांगला झिजलेला होता. कांबळ्यांनी तळ उन्हात धरला, त्यावरून बोट फिरवले आणि चप्पल माझ्या हातात दिली. झीज सगळीकडे सारखी होती आणि तिच्यावर बारीक, सरळ रेघा होत्या. कुबडीवर चालणाऱ्याचा तळ मध्यभागी आणि आतल्या कडेला खचतो. या चपलेवर चांदी घासायची कानस चालली होती.

आता बाई अपमानित होणार, असे मला वाटले. कांबळे हळू आवाजात म्हणाले, "ताई, कानस लई चालली की. दमली असंल बिचारी." शालनताई आधी रडल्या आणि मग हसल्या. त्या आठवड्यात कांबळे आणि मी हुपरीला गेलो. शालनताई आमच्यासोबत त्यांच्या गल्लीच्या टोकापर्यंत आल्या. घराघरांतून काम थांबवून माणसे पाहत होती. "फुकटची जाहिरात," कांबळे त्यांना म्हणाले. परतताना त्या पुढे होत्या आणि आम्ही मागे.

पुढे बाकावर जागा पुरेना. सातपुत्यांच्या दुकानात एकेरी चपलांच्या जोडांची वेगळी फळी झाली. पुण्याचा एक व्यापारी गाडी घेऊन आला आणि म्हणाला की तो हा माल देशभर पाठवील. कांबळे त्याला म्हणाले, "बसा की. चार रविवार बाकावर बसा, मग बोलू." तो चहा पिऊन गेला. मी या वेळी काही बोललो नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही दोघांनी नवी जोड घेतली. त्यानंतर कांबळे आजारी पडले. पोटाचे दुखणे होते. तपासण्यांनंतर ते कशाचे, हेही कळले. त्यांची मुलगी सुजाता त्यांच्यापाशी राहायला आली. बाक, गावोगावच्या भेटी आणि रिक्षा हे सर्व माझ्याकडे आले. सकाळचा संदेश मात्र त्यांनी सोडला नाही. अंथरुणावरून ते रस्त्यांची माहिती कोठून मिळवीत, ते कळत नसे. नंतर सुजाताने सांगितले की रिक्षावाल्यांना फोन करून ते विचारून घेत.

माघ महिन्यात मी मलकापूरजवळच्या एका वस्तीवर तानाजी नावाच्या माणसाकडे गेलो. चाळिशीचा, चार म्हशींचा धनी. चारा कापायच्या यंत्राच्या पट्ट्यात पाय गेला होता. तो गोठ्याच्या दारातूनच बोलला. "मला काय नको, पावणं. दूध घालायला भाऊ जातोय. मी हितं बरा हाय." मी आग्रह केला नाही, मला तो येत नाही. त्याचा मोबाईल क्रमांक घेतला, गटात घातला आणि परत आलो.

कांबळ्यांना तोवर रुग्णालयात हलवले होते; दुसऱ्या दिवशी तेथे जाऊन त्यांना ही हकिकत सांगितली. ते फार खंगले होते; पाय मात्र सुजून फुगला होता, नखे आत रुतलेली दिसत होती.

"कुठला राहिलाय?" त्यांनी विचारले.

"डावा."

"माप?"

"आठ असावे."

"त्याला सोडू नका," ते म्हणाले. मग नेहमीसारखा पंजा पुढे केला. "तिकीट दाखवा, साहेब."

मी चप्पल काढून दिली. त्यांनी ती उलटी केली. त्या हिवाळ्यात मी बराच हिंडलो होतो. तळाला छिद्र पडले होते. त्यांनी त्यातून अंगठा बाहेर काढून दाखवला. "आरपार हाय की ओ." मग सुजाताला खाटेखालची त्यांची चप्पल काढायला लावली. तिचा तळ कोरा होता. त्यांनी दोन्ही तळ शेजारी शेजारी धरले.

"सुजा, कानस आण गं जरा," ते म्हणाले.

सुजाताला ती गोष्ट माहीत होती. ती बाहेर निघून गेली.

"सातपुतेला सांगा, नवी जोड," कांबळे म्हणाले. "तुमची झिजली म्हंजे माझी झिजली."

"तुमची आहे ती चालेल."

"नियम मी केलाय. मीच मोडू व्हय?"

"माप?" मी विचारले. मला विचारावे लागले. त्यांचा सुजलेला पाय दोघांच्याही समोर होता.

"माप तेच," ते म्हणाले. "आठ."

सातपुत्यांनी हातातली दुसरी कामे बाजूला ठेवली. जोड तयार झाल्यावर मी ती पिशवीत घालून रुग्णालयात गेलो. सुजाता खाली दारापाशीच उभी होती. मला पाहून ती पुढे आली नाही. मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. पिशवी माझ्या कुबडीला अडकवलेली होती. काही वेळाने तिने ती आपल्या हातात घेतली, आत पाहिले आणि परत दिली.

अंत्यविधीला शेजारी होते, डेपोतले लोक होते आणि बाकावरची माणसे होती. त्रिसरण-पंचशील म्हटले गेले. आक्का आणि शालनताई एकमेकींना धरून उभ्या होत्या. इतक्या कुबड्या एकत्र पाहून कोणीतरी हळूच विचारले, ही मंडळी कोण? डेपोतला एक जुना चालक म्हणाला, "पॅसेंजर."

त्यानंतरच्या सकाळी गटावर संदेश आला नाही. दुसऱ्याही दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी मी मोबाईल तोंडापाशी धरला. मला प्रवासी मंडळी म्हणता आले नाही. "बिंदू चौक मोकळा आहे," एवढेच बोललो.

रविवारी मी बाकावर गेलो. जोड पिशवीत होती, दोरा तसाच. माझी चप्पल आरपार झालेली होती. सातपुते म्हणाले, "साहेब, तुमची तरी मोकळी करून देतो. खडं टोचत असतील."

"दोघे हजर असावे लागतात," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारले नाही. चैत्र उजाडेपर्यंत मी त्याच चपलेवर होतो. दर रविवारी जोड घेऊन जात असे आणि परत आणीत असे. का, ते मलाही ठाऊक नव्हते.

मग एका रविवारी तानाजी आला. भाऊ त्याला मोटारसायकलवरून सोडून गेला होता. तो चहाच्या गाड्यापासून लांब उभा होता, पाहुणा उभा राहतो तसा. मी त्याला बाकावर जागा दिली. "कसे काय आलात?" मी विचारले.

"त्या दाजींचं रोज ऐकत हुतो," तो म्हणाला. "बंद झालं. मग तुमचं सुरू झालं. तुम्ही लई कमी बोलतासा. म्हटलं, माणूस तरी बघून यावा."

मी त्याच्या पायाकडे पाहिले. आणि तेव्हा मला रुग्णालयातल्या त्या दुपारचा क्रम आठवला. आधी कुठला राहिलाय. मग माप. मग तिकीट. त्यानंतर नवी जोड. माप तेच, आठ.

मी पिशवीतून जोड काढली आणि सातपुत्यांकडून रापी मागून घेतली. दोरा कापला. तानाजीने डावी पायात घातली आणि पट्टा ओढला.

"बसली," तो म्हणाला. "कुणासाठी केल्याली ही?"

"तुमच्यासाठी," मी सांगितले.

सुजाता त्या दिवशी आली होती. तिच्याजवळ वडिलांची जुनी डावी होती. घरात ठेवून काय करू, असे तिने मला विचारले. मी नवी उजवी पायात घातली, जुनी काढली आणि दोन्ही सातपुत्यांपुढे ठेवल्या. त्यांनी अंगठ्यापाशी दोरा ओवला आणि गाठ मारली.

माझ्या जिन्याखालच्या डाव्या चपला केव्हाच वाटून संपल्या आहेत. फळीवर आता एवढी एकच जोड आहे. एकीचा तळ आरपार, दुसरीचा कोरा. माझा नातू मधे विचारीत होता, ही कोणाची. दोघांची आहे, असे मी त्याला सांगितले.